रॅम्प घेताना टनाआधी फरशी बघा

प्रश्न थोडक्यात असा: घरची हॅचबॅक आहे, बंपर जरा खाली आहे. ऑइल बदलणं आणि खालून एकदा नजर टाकणं एवढं काम स्वतः करायचंय. त्यासाठी रॅम्प, म्हणजे चाकं चढवून गाडी उंच उभी करायचे उताराचे ठोकळे, प्लास्टिकचे घ्यावेत की लोखंडी, आणि किती टनांचे?

वीसेक वर्षं गाड्यांच्या खाली पाठ घासल्यावर सांगतो, हे दोन्ही प्रश्न मी यादीत खाली ठेवतो. रॅम्प वजनाने चेपलेला मी एकदाच पाहिलाय, आणि तोही आधीच गंजलेला होता. रॅम्प सरकलेला किती वेळा पाहिला, ते मोजणं मी सोडून दिलंय. शिवाय बंपर अडतो म्हणून घेतल्यापासून कोपऱ्यात पडून राहिलेले रॅम्प तर घरोघरी सापडतील. म्हणून आधी काम कोणतं ते बघायचं, मग बंपर, मग फरशी. टन आणि प्लास्टिक-लोखंड त्यानंतर.

कामाचं आधी उरकतो. रॅम्पवर गाडी स्वतःच्या चाकांवरच उभी असते. त्यामुळे ऑइल, फिल्टर, सायलेन्सर, अ‍ॅक्सलचे रबरी बूट, खालचे पाइप, गळती शोधणं या कामांना रॅम्प उत्तम. चाक काढायचं असेल, ब्रेक पॅड बदलायचे असतील, तर रॅम्पचा उपयोग शून्य. तिथे जॅक आणि स्टँडच (उचललेल्या गाडीखाली लावायचे पक्के टेकू) लागतात. एक काम मात्र असं आहे की तिथे स्टँडपेक्षा रॅम्प सरस ठरतो, ते म्हणजे सस्पेन्शनचे बुश, म्हणजे चाक धरणारे दांडे (आर्म) गाडीला जोडतात तिथल्या रबरी गाद्या. आर्मचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर असताना. चाक लटकत असताना आवळले तर गाडी जमिनीवर आली की बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. रॅम्पवर चाक आपल्या नेहमीच्या जागी बसलेलं असतं आणि तुम्हाला पाना फिरवायला जागाही मिळते. आणि तुमची गाडी मुळातच उंच असती, तर मी आधी रॅम्पशिवाय खाली शिरून बघा म्हणालो असतो. बऱ्याच उंच गाड्यांचं ऑइल नुसतं आडवं पडून निघतं.

आता बंपर. बाजारातला नेहमीचा रॅम्प साधारण १६ सेंटीमीटर उचलतो आणि त्याचा उतार जमिनीवर मोजला तर ६० सेंटीमीटरच्या आसपास असतो. हा चढ जवळजवळ १५ अंशांचा झाला. कागदावर हे किरकोळ वाटतं. आता गाडीच्या बाजूला उकिडवे बसा आणि दोन मापं घ्या. पहिलं, बंपरची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे. दुसरं, रॅम्पचं टोक टायरला जिथे टेकेल तिथून बंपरच्या त्या कडेपर्यंतचं आडवं अंतर. समजा उंची १४ आणि अंतर ५५ भरलं. वरच्या रॅम्पची ५५ सेंटीमीटरवरची उंची साडेचौदाच्या पुढे जाते, म्हणजे चाक चढायला लागायच्या आधीच बंपर रॅम्पवर. तीच १६ सेंटीमीटरची उंची ९० सेंटीमीटर लांबीत गाठणारा रॅम्प घेतला, तर त्याच जागी तो दहाच्या खालीच असतो आणि गाडी निवांत निघते. वाईट क्षण हा सुरुवातीचाच. चाक चढायला लागलं की नाकही सोबत वर जातं.

आकडेमोडीचा कंटाळा असेल तर माझी पद्धत सांगतो. जाड पुठ्ठा घ्या. रॅम्पच्या जाहिरातीत उंची आणि लांबी दिलेली असतेच, त्या मापाचा त्रिकोण कापा. पुठ्ठा उभा धरून बंपरखालून टायरपर्यंत सरकवा. पुठ्ठा वाकला किंवा अडला तर तो रॅम्प तुमचा नाही. पुठ्ठा आणि बंपर यांच्यात दोन बोटं तरी फट हवी, कारण चढताना ब्रेक लागला की गाडी नाक खाली घालते. आणि हे करताना टायरांत हवा नेहमीइतकी असू द्या. बंपरच्या खाली हवेसाठी लावलेली काळी रबरी पट्टी असेल तर तिची फार चिंता करू नका, ती लवचीकच असते. चिंता बंपरच्या टणक कडेची.

तुमचा बंपर खाली आहे म्हणता, म्हणजे बहुतेक तुम्हाला लांब उताराचा किंवा दोन तुकड्यांचा रॅम्प लागेल. दोन तुकड्यांच्या रॅम्पमध्ये वरचा ठोकळा वेगळा आणि उतार वेगळा असतो. गाडी चढली की उतार काढून बाजूला ठेवायचा. याचा एक फायदा वापरल्यावरच कळतो. एकसंध रॅम्पचा उतार चाकाच्या मागे नेमका तुमच्या कोपराच्या जागेवर येतो आणि बाजूने आत शिरायला अडचण करतो. उतार निघाला की तिथे मोकळी वाट होते. तोटा एवढाच की उतरायच्या आधी तो परत जोडायची आठवण ठेवावी लागते. नाही ठेवली तर गाडी १६ सेंटीमीटरवरून धपकन खाली येते.

फरशीबद्दल मात्र जरा लांबण लावणार आहे.

मी घेतलेली पहिली जोडी लोखंडी होती आणि जागा होती गुळगुळीत फरशीची. पुढचं चाक टेकलं, मी हलकेच अ‍ॅक्सिलरेटर दिला, आणि उजवा रॅम्प खर्रकन हातभर पुढे गेला. डावा जागेवरच. गाडी एका बाजूने चढलेली, दुसऱ्या बाजूने जमिनीवर, बंपरची एक क्लिप तुटलेली. इजा कोणाला झाली नाही, कारण समोर कोणी उभं नव्हतं. त्या दिवसापासून गाडी चढत असताना रॅम्पच्या रेषेत समोर किंवा मागे मी कोणाला उभं राहू देत नाही. बघणारा माणूस बाजूला, गाडीपासून दोन पावलं लांब.

रॅम्प का सरकतो हे एकदा समजलं की उपाय आपोआप सुचतात. चाक टोकाला टेकतं तेव्हा रॅम्पवर वजन जवळजवळ नसतंच, नुसता आडवा धक्का असतो. वजन नाही म्हणजे पकडही नाही. चाक थोडं चढलं की वजन येतं आणि रॅम्प फरशीला दाबला जातो. त्यानंतर काय होतं हे इंजिन कोणती चाकं फिरवतं त्यावर आहे. पुढची चाकं फिरवणारी गाडी असेल तर चाक रॅम्पला धरून वर सरपटतं, आणि सावकाश चढलात तर रॅम्पवर आडवा जोर फारसा पडत नाही. झटका दिलात तर मात्र चाक रॅम्पला मागे, गाडीच्या पोटाखाली फेकतं. मागची चाकं ढकलणारी गाडी असेल तर पुढची चाकं नुसती रेटली जातात, आणि तो सगळा रेटा रॅम्पला पुढे लोटतो. तुमची हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालणारी असेल, तर तीच गाडी रिव्हर्स घेऊन मागची चाकं चढवायला जाल तेव्हा याच दुसऱ्या प्रकारात मोडते. ‘पुढून नीट चढते, मागून चढताना रॅम्प पळतात’ ही तक्रार त्यातूनच येते. रॅम्प तेच, फरशी तीच, रेटा वेगळा.

उपाय साधा आहे, रॅम्पला गाडीच्याच वजनाने बांधायचं. साधारण मीटर-सव्वा मीटर लांबीची जाड रबरी चटई घ्या. तिच्या पुढच्या भागावर रॅम्प ठेवा आणि मागचा भाग टायरखाली येऊ द्या. म्हणजे चाक रॅम्पला टेकायच्या आधीच चटईवर उभं असतं आणि चटई हलू शकत नाही. याहून पक्कं हवं असेल तर १२ ते १८ मिलीमीटर जाडीच्या प्लायवुडची पट्टी घ्या आणि रॅम्पच्या पुढे तिच्यावर आडवी लाकडी पट्टी स्क्रूने ठोका, म्हणजे रॅम्प तिला अडेल. मागचा भाग इथेही टायरखाली. माती, खडी किंवा पेव्हर ब्लॉक असतील तर हे प्लायवुड चैन म्हणून नव्हे, गरज म्हणून लागतं, कारण रॅम्पची एक कड रुतली की वर उभी गाडी तिरकी होते. उन्हात तापलेल्या डांबरावरही लोखंडी रॅम्पचे पाय रुततात. आणि जागाच उताराची असेल तर रॅम्प वापरूच नका. दुसरी जागा शोधा.

फरशीवर सांडलेलं ऑइल, धूळ, धुतल्यावर राहिलेलं पाणी हे सगळं आधी पुसून घ्यायचं. रॅम्पच्या तळाला रबर असेल तर तेही. धुळीचा थर बसलेलं रबर साबणासारखं सरकतं.

आता टन. लेबलवर ‘२ टन’ लिहिलेलं असतं, पण कशाचे २ टन? तीन अर्थ निघतात: एका रॅम्पचे, जोडीचे, किंवा ज्या गाडीला हे रॅम्प चालतील त्या अख्ख्या गाडीचे. तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमच्यासारखी हॅचबॅक ११०० किलोची धरली आणि पुढे इंजिन असल्यामुळे साठ टक्के वजन पुढच्या चाकांवर धरलं, तर जोडीवर ६६० आणि एका रॅम्पवर ३३० किलो येतात. १९०० किलोच्या मोठ्या गाडीचं पंचावन्न टक्के धरलं तरी एका रॅम्पवर सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे नीट बनवलेल्या बहुतेक रॅम्पना हे वजन जड नाही. माझा नियम असा की लेबलचा सर्वांत कंजूष अर्थ धरायचा आणि तरीही दीडपट ताकद शिल्लक राहायला हवी. लेबलवर अर्थच स्पष्ट नसेल आणि विकणाऱ्यालाही सांगता येत नसेल तर ती जोडी सोडून द्या. गाडीचं कमाल वजन दाराच्या खांबावरच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तकात मिळेल. गाडी इलेक्ट्रिक असेल तर ते जरूर बघा, बॅटरीमुळे त्याच आकाराची गाडी बरीच जड असते.

प्लास्टिक की लोखंड, यात माझं झुकतं माप घरच्या वापरासाठी चांगल्या प्लास्टिककडे आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी आतली जाळी असलेला प्लास्टिकचा रॅम्प जमिनीवर पूर्ण तळाने बसतो, वजन पसरवतो, गंजत नाही आणि एका हाताने उचलून ठेवता येतो. त्याचा शत्रू ऊन. बाहेर पडून राहिलेलं प्लास्टिक वर्षांनुवर्षांच्या उन्हाने ठिसूळ होतं आणि कडेला बारीक पांढरट रेघा उमटतात. त्या दिसल्या की रॅम्प निवृत्त. लोखंडी रॅम्प मार सहन करतो, पण त्याचं सगळं भवितव्य वेल्डिंगच्या शिवणींवर. पाय जिथे जोडलेत तिथे रंगाला फुगवटा दिसला तर आत गंज चालू आहे समजायचं. चेपलेला रॅम्प मी पाहिला म्हटलं तो असाच होता, वरून ताजा रंग मारलेला. पाय किंचित वाकलेला दिसला तर ठोकून सरळ करून वापरू नका, एकदा वाकलेलं लोखंड त्याच जागी पुन्हा वाकतं. जुनी जोडी घेत असाल तर दोन्ही रॅम्प उलटे करून तळ बघितल्याशिवाय घेऊ नका.

लाकडाचा रॅम्प घरी करता येतो, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतोही. साधारण चार सेंटीमीटर जाड आणि टायरपेक्षा रुंद फळ्या एकावर एक, प्रत्येक वरची फळी खालचीपेक्षा पंचवीस-तीस सेंटीमीटर आखूड. चार थरांत १६ सेंटीमीटर उंची होते आणि गाडी पायऱ्या चढल्यासारखी चढते. इथे स्क्रू फक्त फळ्या जागेवर धरायला, वजन लाकूड स्वतः दाबून घेतं. गाठी नसलेलं, न चिरलेलं लाकूड घ्या आणि शेवटच्या थराच्या पुढे एक अडण जरूर ठोका. त्याच्या बदल्यात विटा किंवा पोकळ सिमेंटचे ब्लॉक हे कधीच नको. लाकूड करकरून सांगतं की आता बस. ब्लॉक काही न सांगता एका क्षणात फुटतो.

रुंदीचं थोडक्यात: टायरवर २०५ लिहिलं असेल तर त्याची रुंदी २०५ मिलीमीटर. रॅम्पची आतली रुंदी त्याहून दोन-तीन सेंटीमीटर जास्त हवी. टायर कडेवर चढून बसत असेल तर रॅम्प अरुंद आहे. वर चाक बसायला खळगा आणि पुढे उंच अडण, दोन्ही हवेत. नुसती चपटी माथ्याची जागा असलेले रॅम्प मी घेत नाही.

चढवताना काय होतं ते सांगतो, म्हणजे पहिल्यांदा घाबरायला होणार नाही. स्टिअरिंग सरळ, दोन्ही रॅम्प टायरच्या बरोबर मध्यावर आणि एकमेकांना समांतर. हे उतरून, मागे उभं राहून बघा, सीटवरून अंदाज येत नाही. पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धवट सोडत सावकाश पण न थांबता चढायचं. समोर फक्त बॉनेट आणि भिंत दिसायला लागते आणि वाटतं की आता पलीकडे पडणार. मग गाडी एकदम हलकी झाल्यासारखी वाटते, नाक किंचित खाली येतं, बसमधला पेंगुळलेला माणूस मान टाकतो तसं. तो चाक खळग्यात बसल्याचा इशारा. तिथेच ब्रेक. त्याच्यापुढे अडण असते आणि अडणीवर जोर करायचा नसतो.

वर गेल्यावर हँडब्रेक ओढा. बहुतेक गाड्यांत तो मागच्या चाकांवर चालतो, आणि पुढचं नाक वर असेल तेव्हा ती चाकं जमिनीवरच असल्यामुळे ते सोयीचं पडतं. मागची चाकं रॅम्पवर असतील तर उलट परिस्थिती: जमिनीवरची पुढची चाकं मोकळी. म्हणून जमिनीवर राहिलेल्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचरी लावायच्याच. गाडी मॅन्युअल असेल तर गिअरमध्ये ठेवा. ऑटोमॅटिकचं पार्क फक्त इंजिन जी चाकं फिरवतं तीच अडवतं, त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. मग गाडीला बाजूने जोरात हलवा, खरंच जोरात. काही कुरकुरलं, सरकलं तर ते तुम्ही बाहेर असतानाच व्हायला हवं. शेवटी उचलायच्या पक्क्या जागेखाली दोन्ही बाजूंना स्टँड लावा, गाडीला जेमतेम टेकतील असे. गाडी रॅम्पवरच उभी राहते, स्टँड नुसते पहारा देतात. वीस वर्षांत ते माझ्या कामी एकदाही आले नाहीत आणि मी ते एकदाही वगळलेले नाहीत.

ऑइलचं एक सांगतो. नाक वर असल्यामुळे ऑइल चेंबरच्या मागच्या बाजूला जमतं. ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं ऑइल सोडायचा बोल्ट, मागे तोंड करून असेल तर छान रिकामं होतं, पुढे असेल तर थोडं आत राहतं. त्या थोडक्याने इंजिनाचं काही बिघडत नाही, पण मग पुस्तकातलं पूर्ण माप डोळे झाकून ओतू नका. थोडं कमी भरा, इंजिन मिनिटभर चालवून बोल्ट आणि फिल्टरपाशी गळती बघा. इंजिन चालू करायच्या आधी गिअर न्यूट्रलला आणणं आणि गॅरेजचं दार सताड उघडणं विसरू नका. डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) मात्र गाडी खाली सपाट जागी आल्यावर आणि दहा मिनिटं थांबूनच. रॅम्पवर घेतलेली डिपस्टिकची खूण खोटी असते. गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळीही सपाट गाडीतच बघायची असते, त्यामुळे नुसतं नाक वर करून ते काम करू नका.

उतरायच्या आधी खाली वाकून एक फेरी मारा: ट्रे, पाना, टॉर्च, स्टँड, पाचरी. ऑइलने काठोकाठ भरलेला ट्रे मी एकदा गाडीखाली विसरलो आणि उतरताना बंपरने तो ओढत नेला. साडेतीन लिटर काळं ऑइल फरशीवर. लाकडाचा भुसा टाकून, झाडून, परत टाकून ते निघायला अख्खी संध्याकाळ गेली, आणि पुढच्या वेळी गुळगुळीत फरशीवर रॅम्प कसा पळतो याचा दुसरा धडा तिथेच मिळाला.